मोसेन सिंतो : कातालान लोकांचा कवी-धर्मगुरू



बार्सिलोना हे नाव आपल्या धर्मग्रामातील मुलांना तोंडपाठ आहे. त्या शहराच्या फुटबॉल संघाचे निळे-लाल पट्ट्यांचे शर्ट घालून मुले मैदानावर खेळताना दिसतात. मोठ्यांपैकी काहींनी तेथील ‘साग्रादा फामिलिया’ या पवित्र कुटुंबाच्या मंदिराची छायाचित्रे पाहिलेली असतात. ते मंदिर उभारण्यात आयुष्य वेचणारे वास्तुविशारद आंतोनी गाऊदी १९२६ साली वारले. २०१० साली पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी ते मंदिर प्रभूला समर्पित केले आणि २०२५ साली ख्रिस्तसभेने गाऊदी यांना वंदनीय म्हणून घोषित केले. परंतु हे शहर ज्यांचे आहे ते लोक कोण, त्यांची भाषा कोणती, त्यांची श्रद्धा कशी, याची माहिती आपल्याला क्वचितच असते.

त्यांच्या पासपोर्टवर स्पेनचे नाव असते. मात्र त्यांच्यातील अनेकांना तुम्ही कोण असे विचारले, तर ते प्रथम कातालान असे सांगतात.

एखाद्या समाजाची खरी ओळख करून घ्यायची असेल, तर तो समाज कोणाच्या अंत्ययात्रेला घराबाहेर पडला हे पाहावे असे आम्हांला वाटते. १३ जून १९०२ रोजी बार्सिलोनाचे रस्ते माणसांनी भरून गेले होते. हजारो लोक एका शवपेटीमागून चालत होते. ती शवपेटी ना राजाची होती, ना सेनापतीची. ती एका कर्जबाजारी धर्मगुरूंची होती. सात वर्षांपूर्वी त्यांच्या बिशपांनी त्यांना मिस्सा अर्पण करण्यास बंदी केली होती. त्यांचे नाव होते जासिंत वर्दागेर. लोक त्यांना प्रेमाने मोसेन सिंतो म्हणत. मोसेन हे तिकडे धर्मगुरूंना लावायचे आदराचे संबोधन आहे, आपल्याकडे फादर म्हणतात तसे. सिंतो हे जासिंतचे घरगुती रूप. आज या मोसेन सिंतोंच्या जीवनातून आपण कातालान लोकांची ओळख करून घेऊ या.

लोक आणि त्यांची भाषा

कातालोनिया हा स्पेनचा ईशान्येकडील प्रांत. उत्तरेला पिरेनीज पर्वताची रांग आणि पूर्वेला भूमध्य समुद्र. तेथील कातालान भाषा ही स्पॅनिशची बोली नव्हे. मराठी, गुजराती आणि कोकणी या जशा एका घरातल्या बहिणी, तशाच स्पॅनिश, फ्रेंच, इटालियन आणि कातालान या लॅटिनच्या लेकी. कातालोनियाखेरीज वालेन्सिया, बालेआरिक बेटे, फ्रान्सच्या दक्षिणेचा रुसियों प्रदेश आणि सार्डिनिया बेटावरील एक शहर येथेही ती बोलली जाते. आंदोरा या चिमुकल्या डोंगरी देशाची तर ती एकमेव राजभाषा आहे. बोलणारे आणि समजणारे मिळून सुमारे १ कोटी लोक तिचे आहेत.

मध्ययुगात या भाषेचे वैभव मोठे होते. विद्वान मंडळी केवळ लॅटिनमध्ये लिहीत असताना तेराव्या शतकात मायोर्का बेटावरील रामोन ल्युल यांनी तत्त्वज्ञान आणि ईश्वरभक्ती यांवर कातालानमध्ये ग्रंथ लिहिले. पुढे काळ पालटला. स्पेनच्या गादीसाठी झालेल्या युद्धात कातालान लोक हरणाऱ्या बाजूला होते. ११ सप्टेंबर १७१४ रोजी दीर्घ वेढ्यानंतर बार्सिलोना पडले. १७१६ च्या फर्मानाने त्यांच्या जुन्या राज्यसंस्था मोडीत निघाल्या आणि न्यायालयाच्या कामकाजात स्पॅनिश भाषा आली. विशेष म्हणजे आजही कातालान लोक हा पराभवाचा दिवस आपला राष्ट्रीय दिन म्हणून पाळतात.

भाषा दरबारातून गेली, पण घरातून गेली नाही. आई मुलाला निजवताना तीच भाषा बोलत होती, शेतकरी बैलांना त्याच भाषेत हाकत होता, आणि गावचे धर्मगुरू त्याच भाषेत प्रवचन देत होते. स्वयंपाकघर, शेत आणि चर्च या तीन जागांनी ती भाषा जगवली. एकोणिसाव्या शतकात तिचे पुनरुज्जीवन सुरू झाले आणि १८५९ साली बार्सिलोना येथे ‘जोक्स फ्लोराल्स’ ही जुनी काव्यस्पर्धा पुन्हा भरू लागली. जोक्स फ्लोराल्स म्हणजे फुलांचे खेळ. विजेत्या कवींना फुलांच्या रूपातील पारितोषिके दिली जात. देश, श्रद्धा आणि प्रेम हे तिचे तीन विषय.

थोडे रीतिरिवाज

हे लोक कष्टाळू, हिशेबी आणि एकत्र येऊन काही करण्याची हौस असलेले आहेत. त्यांचा ‘सार्दाना’ नावाचा नाच गावच्या चौकात, बहुधा चर्चसमोर, सर्वांनी हात धरून गोल करून नाचायचा असतो. मध्येच कोणी आले तरी त्याला हात देऊन आत घेतात. सणाच्या दिवशी ते माणसांचे मनोरे रचतात. आपल्याकडील गोविंदांचे थर पाहिलेल्यांना त्याची कल्पना येईल. तिकडे मात्र वर हंडी नसते. नऊ-दहा थरांच्या टोकाला एक लहान मूल चढते, हात उंचावते आणि खाली उतरते. खाली शेकडो लोक एकमेकांना रेटून पाया धरून ठेवतात. २०१० साली युनेस्कोने या मनोऱ्यांना मानवजातीचा वारसा म्हणून मान्यता दिली.

२३ एप्रिल हा संत जॉर्ज यांचा सण. हे संत कातालोनियाचे आश्रयदाते. त्या दिवशी रस्त्यारस्त्यांवर गुलाब आणि पुस्तके यांची दुकाने लागतात आणि प्रियजन एकमेकांना या दोन वस्तू भेट देतात. नाताळात मुले एका लाकडी ओंडक्याला काठीने बडवतात, गाणे म्हणतात, आणि ओंडक्यावर पांघरलेल्या कापडाखालून खाऊ निघतो. त्यांचे रोजचे खाणेही साधे आहे. पावाच्या कापावर पिकलेला टोमॅटो चोळायचा, वर ऑलिव्हचे तेल आणि मीठ टाकायचे, की झाले.

आपल्या स्वभावाबद्दल बोलताना ते दोन शब्द नेहमी वापरतात. एक ‘सेञ’, म्हणजे व्यवहारज्ञान, तारतम्य, पाय जमिनीवर असणे. दुसरा ‘राउशा’, म्हणजे अचानक येणारा झपाटा, भान हरपणे. प्रत्येक कातालान माणसात हे दोन्ही असतात असे ते गमतीने म्हणतात. मोसेन सिंतोंचे जीवन वाचताना हे दोन शब्द आपण लक्षात ठेवावेत.

शेतकऱ्याचा मुलगा

बार्सिलोनाच्या उत्तरेला विक नावाचे जुने शहर आहे. धर्मप्रांताचे ठिकाण आणि मोठी सेमिनरी असलेले हे शहर आपल्यालाही अगदीच परके नाही. याच शहरात १५३६ साली जन्मलेले येशूसंघीय फादर आंतोनी दे मोन्सेरात १५७४ साली गोव्याला आले, १५८० साली अकबर बादशहाच्या दरबारात पोहोचले, त्या दरबाराचा वृत्तांत त्यांनी लिहून ठेवला आणि १६०० साली गोव्यातील साष्टी येथे ते निवर्तले. विकचेच दुसरे सुपुत्र म्हणजे तत्त्वज्ञ धर्मगुरू जाउमे बाल्मेस. नीट विचार कसा करावा हे साध्या माणसाला समजावून सांगणारा ‘एल क्रितेरियो’ हा त्यांचा ग्रंथ १८४५ साली प्रसिद्ध झाला. सेञ या गुणाचे जणू ते पाठ्यपुस्तकच होते.

त्याच वर्षी, १७ मे १८४५ रोजी, विकजवळच्या फोल्गेरोलेस या खेड्यात जासिंतचा जन्म झाला. घरची परिस्थिती बेताची. वडील कष्टकरी, आई जोसेपा अत्यंत भाविक. घरात आठ मुले जन्मली, त्यांपैकी तीनच जगली. जुन्या कथा, संतांची चरित्रे आणि गाणी जासिंतला आईच्या तोंडून मिळाली. दहा-अकरा वर्षांचा असताना तो विकच्या सेमिनरीत जाऊ लागला. पुढे खर्च भागवण्यासाठी तो ‘कान तोना’ नावाच्या एका शेतघरात राहू लागला. तेथील मुलांना शिकवायचे, शेतात काम करायचे आणि उरलेल्या वेळात अभ्यास आणि कविता, असा त्याचा दिनक्रम होता.

१८६५ साली हा वीस वर्षांचा विद्यार्थी बार्सिलोनाच्या फुलांच्या खेळात पारितोषिके घेण्यासाठी गेला. सभागृहात शहरातील प्रतिष्ठित मंडळी बसलेली होती. जासिंत मात्र शेतकऱ्याच्या पोशाखात, डोक्यावर कातालान खेडुतांची लांब लोकरी टोपी घालून आला. शहरातले कवी ज्या भाषेला पुस्तकांतून शोधत होते, ती भाषा या मुलाच्या जिभेवर जिवंत होती. झाडे, पाखरे, अवजारे आणि वारे यांची नावे त्याला शब्दकोशात पाहावी लागत नव्हती. लोकांनी त्याला त्या दिवसापासून आपला मानले.

१८७० साली त्यांना धर्मगुरूपदाची दीक्षा मिळाली. १८७१ साली त्यांची नेमणूक विन्योलेस या लहानशा गावी झाली. त्याच वर्षी आईचे निधन झाले. काही काळाने त्यांची प्रकृती ढासळली. डोके सतत दुखत असे आणि काम होईनासे झाले. हवापालट करावा, असा सल्ला मिळाला, आणि या डोंगराच्या मुलाला समुद्राचा रस्ता दिसला.

समुद्रावर आणि वाड्यात

१८७४ च्या अखेरीस ते एका जहाज कंपनीत बोटीवरील धर्मगुरू म्हणून रुजू झाले. स्पेनमधील कादिस बंदर ते क्यूबामधील हवाना अशा त्यांच्या अनेक फेऱ्या झाल्या. बोटीवर सैनिक असत, पोट भरण्यासाठी देश सोडणारे गरीब असत, आजारी परतणारे असत. मोसेन सिंतो त्यांच्यासाठी मिस्सा अर्पण करीत, पापनिवेदन ऐकत, मरणाऱ्यांच्या उशाशी बसत, आणि रात्री लिहीत. समुद्राने त्यांना आरोग्य परत दिले आणि एक महाकाव्यही दिले. ‘लात्लांतिदा’ हे त्याचे नाव. बुडालेल्या अटलांटिस खंडाची कथा एक वृद्ध संन्यासी बोट फुटून किनाऱ्याला लागलेल्या एका तरुण खलाशाला सांगतो. तो खलाशी म्हणजे कोलंबस. १८७७ साली या काव्याला बार्सिलोनाच्या स्पर्धेत विशेष पारितोषिक मिळाले. शेतातल्या भाषेत महाकाव्य लिहिता येते हे सिद्ध झाले. १८७८ साली ते रोमला गेले तेव्हा पोप लिओ तेरावे यांनीही त्यांना भेट दिली.

बोटीच्या कंपनीचे मालक आंतोनियो लोपेस पुढे कोमिल्यासचे मार्की झाले. स्पेनमधील अतिशय श्रीमंत माणसांत त्यांची गणना होत असे. त्यांनी मोसेन सिंतोंना बार्सिलोनाच्या राम्बला या प्रसिद्ध रस्त्यावरील आपल्या वाड्यात घरचे धर्मगुरू म्हणून ठेवून घेतले. वडिलांनंतर १८८३ पासून पुत्र क्लाउदियो मार्की झाले. ते स्वतः मोठे भाविक होते. घराण्याचा दानधर्म मोसेन सिंतोंच्या हातून होऊ लागला.

येथे एक गोष्ट लपवून ठेवणे बरे नव्हे. या संपत्तीचा एक भाग क्यूबातील गुलामांच्या व्यापारातून आला, असा आरोप आंतोनियो लोपेस यांच्या मेहुण्यानेच १८८५ साली पुस्तक छापून केला होता. २०१८ साली बार्सिलोनाच्या नगरपालिकेने त्यांचा पुतळा चौकातून काढून टाकला. कातालान भूमीनेच गुलामांचे सेवक संत पीटर क्लॅव्हर जगाला दिले. योगायोग असा की मोसेन सिंतो त्या वाड्यात राहत असताना, १८८८ साली, पोप लिओ यांनी क्लॅव्हर यांना संत म्हणून घोषित केले. एकाच भूमीतून एक जण गुलामांच्या जखमा धुवायला समुद्रापार गेला, आणि दुसऱ्यावर गुलामांवर श्रीमंत झाल्याचा ठपका आला. समाज म्हटला की दोन्ही आले, आणि दोन्ही सांगितले पाहिजेत.

या वर्षांत मोसेन सिंतोंची लेखणी भरास आली होती. मोन्सेरात हा करवतीसारख्या सुळक्यांचा डोंगर कातालान लोकांचे श्रद्धास्थान. तेथील बेनेडिक्टाईन मठात मरियामातेची सावळी मूर्ती आहे. लोक तिला लाडाने ‘मोरेनेता’, म्हणजे सावळी माय, म्हणतात. १८८० साली त्या यात्रास्थानाचा सहस्रवार्षिक उत्सव झाला तेव्हा मोसेन सिंतोंनी मातेचे एक गीत लिहिले. जोसेप रोदोरेदा यांनी त्याला चाल लावली. ‘विरोलाई’ या नावाने ते ओळखले जाते. मठातील मुलांचा गायकवृंद ते आजही गातो आणि चर्चची पायरी न चढणाऱ्या कातालान माणसालाही ते पाठ असते. देश सोडून जाणाऱ्या माणसाच्या मनातील कालवाकालव सांगणारे त्यांचे ‘लेमिग्रांत’ हे गीतही असेच घरोघरी पोहोचले. आमादेऊ विवेस यांनी त्याला संगीत दिले.

उन्हाळ्यात ते पिरेनीजच्या डोंगरांत पायी भटकत. १८८२ साली त्यांनी ३,४०४ मीटर उंचीचे आनेतो हे शिखर गाठले. गुराख्यांकडून शब्द, कथा आणि जागांची नावे गोळा केली. त्यातून ‘कानिगो’ हे दुसरे महाकाव्य तयार झाले. कानिगो हा पर्वत १६५९ च्या तहानंतर फ्रान्सच्या हद्दीत गेला, पण कातालान लोकांच्या मनातून गेला नाही. २१ मार्च १८८६ रोजी रिपोल्लच्या पडझड झालेल्या प्राचीन मठात विकचे बिशप जोसेप मोर्गादेस यांनी मोसेन सिंतोंच्या मस्तकावर कवीचा मुकुट ठेवला. हे नाव आपण ध्यानात ठेवू या.

वादळ

त्याच १८८६ साली मोसेन सिंतो पवित्र भूमीच्या यात्रेला गेले. प्रभू येशू जेथे चालला, जेथे त्याला डोके टेकायला जागा नव्हती, तेथे उभे राहून त्यांनी आपल्या जीवनाकडे पाहिले. वाडा, पारितोषिके, मुकुट हे सारे त्यांना पोकळ वाटू लागले. परत आल्यावर त्यांनी प्रार्थना, उपवास आणि दानधर्म वाढवला. गरिबांची रांग वाड्याच्या दाराशी वाढू लागली. ते देत राहिले. मार्कींनी दिलेले संपले की उसने घेऊन देऊ लागले. हिशेब राहिला नाही आणि कर्ज वाढत गेले.

याच काळात ते एका प्रार्थनागटाच्या संपर्कात आले. तेथे आजारी आणि मनाने त्रस्त माणसांमधून दुरात्मे काढण्याच्या प्रार्थना चालत. मोसेन सिंतो त्यांत गुंतत गेले. काही व्यक्तींना होणारे दृष्टांत त्यांना खरे वाटू लागले. शहरात कुजबुज सुरू झाली. मार्कींचा विश्वास उडाला, वरिष्ठांना काळजी वाटू लागली. १८९३ साली त्यांना वाडा सोडावा लागला आणि बिशप मोर्गादेस यांनी त्यांना आपल्या धर्मप्रांतात बोलावून ला ग्लेवा येथील मरियामातेच्या यात्रास्थानी ठेवले. विश्रांती घ्यावी, प्रकृती सुधारावी, असे कारण होते. मोसेन सिंतोंना मात्र ही कैद वाटली.

दोन वर्षे त्यांनी तेथे काढली. १८९५ च्या मे महिन्यात ते परवानगी न घेता बार्सिलोनाला परतले आणि आपल्या परिचयाच्या एका विधवेच्या कुटुंबात राहू लागले. परत येण्याचा आदेश त्यांनी मानला नाही. उलट चर्चविरोधी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एका वर्तमानपत्रात त्यांनी आपली बाजू मांडणारे लेख लिहिले. मार्की आणि बिशप यांच्यावर त्यांत कठोर शब्द होते. जुलै १८९५ मध्ये बिशप मोर्गादेस यांनी त्यांना मिस्सा आणि इतर धर्मविधी करण्यास बंदी केली. ज्या हातांनी मुकुट ठेवला होता, त्याच हातांनी बंदीच्या आदेशावर सही केली.

बंधुभगिनींनो, धर्मगुरूसाठी याहून मोठी शिक्षा नाही. रोज सकाळी वेदीजवळ जाणाऱ्या माणसाला सकाळ उजाडल्यावर कोठे जावे हेच कळत नाही. अडीच वर्षे हे चालले. सावकार दारात, मित्र दुरावलेले, शहर दोन गटांत विभागलेले. जे लोक चर्चवर चिखलफेक करण्याची संधी शोधत होते ते त्यांना डोक्यावर घेत होते, आणि याचे दुःख त्यांना नसेल असे म्हणवत नाही. याच काळात त्यांनी ‘फ्लोर्स देल काल्वारी’, म्हणजे कालवारी टेकडीची फुले, हा कवितासंग्रह प्रसिद्ध केला. क्रूस खांद्यावर घेऊन चालणाऱ्या माणसाच्या त्या कविता आहेत.

अखेर माद्रिदजवळील एल एस्कोरियाल येथील ऑगस्टिनियन फादरांनी मध्यस्थी केली. मोसेन सिंतोंनी आपले कठोर शब्द मागे घेतले आणि १८९८ च्या सुरुवातीस त्यांना मिस्सा अर्पण करण्याची परवानगी परत मिळाली. बार्सिलोनाच्या बेथलेहेम चर्चमध्ये त्यांना एक लहानसे पद मिळाले. हे चर्च राम्बला रस्त्यावर, मार्कींच्या वाड्याच्या अगदी समोर आहे. ज्या घरातून बाहेर पडावे लागले, त्या घराच्या खिडक्या समोर दिसत असताना ते वेदीवर परतले.

कोण बरोबर, कोण चूक?

वाचकांना येथे प्रश्न पडेल की यात दोषी कोण? काही जण बिशपांना खलनायक ठरवतात. आम्हांला ते न्याय्य वाटत नाही. हेच मोर्गादेस पुढे बार्सिलोनाचे बिशप झाले आणि १९०० साली त्यांनी धर्मशिक्षण आणि प्रवचन कातालान भाषेतच द्यावे असे पत्रक काढले. त्याबद्दल माद्रिदच्या संसदेत त्यांच्यावर टीकेचा भडिमार झाला. मोडकळीस आलेला रिपोल्लचा मठही त्यांनीच पुन्हा उभा केला होता. दोघांचेही त्याच लोकांवर आणि त्याच भाषेवर प्रेम होते. बिशपांकडे सेञ होते, कवीकडे राउशा. आपल्या धर्मगुरूला त्याच्याच मनाच्या वादळापासून वाचवावे ही बिशपांची तळमळ खोटी नव्हती. भुकेल्याला उद्या या असे सांगता येत नाही ही कवीची तळमळही खोटी नव्हती.

तत्त्वज्ञानात आम्ही शिकलो की प्रत्येक सद्गुणाला विवेकाची सोबत लागते. हिशेब न ठेवता केलेला दानधर्म शेवटी दुसऱ्याच्या खिशातून होतो, आणि कर्ज देणाराही कधीकधी गरीबच असतो. दृष्टांत होतात असे सांगणाऱ्या प्रत्येकावर विश्वास ठेवू नये हे ख्रिस्तसभा उगाच सांगत नाही. या बाबतीत मोसेन सिंतो चुकले. पण विवेकाला प्रेमाची सोबत नसेल तर तो नुसता सावधपणा उरतो, हेही तितकेच खरे. आज्ञापालन हे धर्मगुरूचे व्रत आहे. आणि ज्याच्याकडून आज्ञापालन मागायचे त्याचे मन जाणून घेणे ही वरिष्ठांची जबाबदारी आहे. दोन चांगली माणसे एकमेकांना वृत्तपत्रांतून आणि आदेशांतून भेटू लागली, की दोघांचाही चांगुलपणा जखमी होतो. हे केवळ बिशप आणि धर्मगुरू यांच्यातच घडते असे नाही. भावाभावांत, बापलेकांतही घडते.

शेवट आणि नंतर

१९०२ च्या वसंत ऋतूत मोसेन सिंतोंना क्षयाने गाठले. १७ मे रोजी, आपल्या ५७ व्या वाढदिवशी, त्यांना शहरावरच्या डोंगरातील वाल्विद्रेरा येथे विला जुआना या घरी नेण्यात आले. १० जून रोजी त्यांनी प्राण सोडला. तीन दिवसांनी त्यांचे पार्थिव शहरातून मोंजुइकच्या दफनभूमीकडे निघाले तेव्हा दुकाने, कारखाने, शाळा आणि सेमिनरी यांतील माणसे एकाच रस्त्यावर आली. त्यांत कर्ज देणारेही असतील आणि त्यांच्या हातून भाकरी मिळालेलेही असतील. वादाचा निकाल लावायला कोणी आले नव्हते. ज्याने आपल्या आईच्या भाषेत आपल्याला प्रार्थना दिली, त्याला निरोप द्यायला ते आले होते.

पुढे या भाषेवर आणखी मोठे संकट आले. १९३९ साली जनरल फ्रँको यांची राजवट आली आणि कातालान भाषा शाळा, कचेऱ्या आणि सार्वजनिक जीवनातून हद्दपार झाली. पुन्हा एकदा तिला घर आणि मठ यांचा आसरा घ्यावा लागला. १९४७ साली मोन्सेरात येथे सावळ्या मातेच्या मूर्तीची नव्या सिंहासनावर प्रतिष्ठापना झाली, तेव्हा हजारो भाविकांसमोर कातालान भाषा जाहीरपणे वापरली गेली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर तेथील मिस्सा कातालानमध्ये होऊ लागली, जशी आपली मिस्सा मराठीत होऊ लागली. १९७५ साली फ्रँको वारले आणि १९७९ साली कातालोनियाला स्वायत्तता मिळाली, भाषा शाळेत परतली. स्पेनबरोबरचे नाते कसे असावे याबद्दल त्या लोकांत मतभेद आहेत आणि २०१७ साली त्यावरून मोठा संघर्षही झाला. पण विरोलाई गाताना दोन्ही बाजूंचे लोक एकाच सुरात गातात.

मोसेन सिंतोंचे निधन झाले त्याच १९०२ साली कानिगोच्या उतारावरील ओसाड संत मार्टिन मठाच्या जीर्णोद्धाराला सुरुवात झाली. त्या ओसाडपणावर त्यांनी कविता लिहिली होती. ‘कानिगो’ वाचून स्फूर्ती घेतलेल्या एका माणसाने १९५५ साली संत योहान बाप्टिस्टाच्या सणाच्या पूर्वसंध्येला त्या शिखरावर होळी पेटवली. तेव्हापासून दरवर्षी तेथील ज्योत गावोगाव नेली जाते आणि २३ जूनच्या रात्री कातालान गावांच्या चौकांत तिच्यावरून शेकोट्या पेटतात.

एका गरीब आईने आपल्या मुलाला ज्या भाषेत प्रार्थना शिकवली, त्या भाषेची ही ज्योत आहे. आज आपल्या घरांतही मुले इंग्रजी शाळेत जातात, आणि ते गरजेचेही आहे. पण रात्री झोपण्यापूर्वी मुलाला ‘हे आमच्या स्वर्गीय बापा’ ही प्रार्थना कोणत्या भाषेत शिकवायची हे कोणतीही शाळा ठरवत नाही. ते आईवडील ठरवतात. आणि एखादा माणूस आपल्यातून चुकून दूर गेला असेल, मग तो धर्मगुरू असो वा शेजारी, तर त्याचे दार कोणी ठोठवायचे हेही आपणच ठरवायचे असते. एल एस्कोरियालच्या त्या फादरांनी ठोठावले, म्हणून मोसेन सिंतो वेदीवर परतू शकले.

मोन्सेरातची सावळी माय आपल्या कुटुंबांना आपल्या भाषेतील प्रार्थना आणि परस्परांतील समेट या दोन्ही देणग्या प्रभूकडून मिळवून देवो.